मुक्या रोग्यांचे वैद्य आणि बोलके शहाणे

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या पंक्तीत माझ्या भाचीच्या शेजारी एक वयोवृद्ध व बहुश्रुत गृहस्थ बसले होते. त्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, "काय करतेस, बाळ?" तिने सांगितले, "पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे." गृहस्थांचा घास क्षणभर हातातच राहिला. मग ते कनवाळूपणे म्हणाले, "अरेरे! म्हणजे मेडिकल थोडक्यात हुकले वाटते?" आसपासची मंडळी हसली. भाचीने जिलबी मोडली आणि मान खाली घातली. तिचे गप्प बसणे तिच्या वयास शोभून दिसले. माझे मात्र माझ्या वयास शोभले नाही. ते राहून गेलेले उत्तर आज देत आहे. ते त्या एका गृहस्थास उद्देशून आहे असे कोणी समजू नये. ते जे बोलले ते आपल्या साऱ्या सुशिक्षित वर्गाच्या मनात असते. त्यांनी ते उघड बोलून दाखविले, एवढाच त्यांचा अपराध.

या वर्गाचे पशुवैद्यकावर मुख्यतः तीन आक्षेप असतात. हे शिक्षण दुय्यम प्रतीचे, हा पहिला. रोगी मुका, त्यास तक्रार करता येत नाही, तेव्हा वैद्याची विद्या थोडी असली तरी चालते, हा दुसरा. आणि ही मुले पदवी घेऊन शेवटी स्पर्धापरीक्षांच्या मागे लागतात, मुलींच्या हातून तर हे काम होणारच नाही, तेव्हा त्यांजवर होणारा खर्च पाण्यात जातो, हा तिसरा. या तिघांचा क्रमाने समाचार घेऊ.

पहिल्या आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे, तो आधीच मान्य करतो. एकाच 'नीट' परीक्षेच्या गुणांवर दोन्हीकडचे प्रवेश होतात, आणि वैद्यकाच्या जागा आधी भरतात. परंतु यावरून सिद्ध काय होते? लोकांची पसंती कोणीकडे आहे एवढेच. लग्नाच्या बाजारात ज्या पदवीस अधिक भाव तिच्याकडे अधिक गर्दी, यात विद्येच्या योग्यतेचा प्रश्न येतो कोठे? आपणच एका विद्येस हिणवावयाचे, आणि मग तिच्याकडे कमी लोक जातात हा तिच्या हीनपणाचा पुरावा म्हणून पुढे करावयाचा, हा न्याय मोठा अजब आहे. अभ्यासाची मुदत पाहावी, तर माणसांच्या डॉक्टरास साडेचार वर्षे व त्यावर एक वर्षाची आंतरवासिता. जनावरांच्या डॉक्टरासही नेमकी तेवढीच. भेद इतकाच, की पहिल्यास एकाच प्राण्याचे शरीर शिकावे लागते. दुसऱ्यास गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी अशा अनेकांची.

आणि या विद्येचा इतिहास तरी लज्जास्पद आहे काय? जुन्या मराठीत घोड्यांच्या वैद्यास 'सालोत्री' म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानलेल्या शालिहोत्राचे नाव त्या शब्दात आहे. युरोपात बुळकांडीने गोधनाचा संहार मांडला होता, त्या काळात १७६१ साली फ्रान्समधील लियाँ शहरी क्लोद बुर्जला याने पशुवैद्यकाची पहिली शाळा स्थापन केली. मुंबईस परळचे महाविद्यालय १८८६ साली निघाले. १८८९ साली पुण्यास एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. तीच पुढे हिमालयात मुक्तेश्वरास गेली, आणि आज बरेलीजवळ इज्जतनगरास असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तीच होय. ज्या बुळकांडीने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडली, ती २०११ साली पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याने समूळ नाहीसे केलेले रोग आजवर दोनच: एक देवी आणि दुसरा हा. दुय्यम म्हणून हिणवलेल्या विद्येची ही करणी आहे.

आता दुसरा आक्षेप. रोगी मुका म्हणून विद्या सोपी, असे म्हणणाऱ्याने शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर चार दिवस काढावेत. मी ते काढले. भाचीची नेमणूक आंतरवासितेच्या काळात आमच्या मूळ गावाजवळच्या एका दवाखान्यावर झाली होती. घराची डागडुजी करावयास मी तिकडे गेलो होतो. पहिल्याच पहाटे एका शेतकऱ्याचा निरोप आला. संकरित गाय आदल्या दिवशी व्यालेली, आणि आता उठत नव्हती. आम्ही गोठ्यात गेलो तो गाय मान कुशीकडे वळवून निपचित पडलेली, कान गार. या रोगास 'दुग्धज्वर' म्हणतात, पण अंगात ज्वराचा मागमूस नसतो. व्याल्यावर दुधाचा लोंढा सुरू होतो आणि रक्तातील कॅल्शियम एकाएकी खालावते. तेथील पशुधन विकास अधिकाऱ्यांनी बाटली भाचीच्या हाती दिली आणि आपण मागे उभे राहिले. तिने ती कोमट पाण्यात धरून उबविली, मानेच्या शिरेत सुई घातली, आणि नळी कानांस लावून हृदयाचे ठोके ऐकत औषध थेंबाथेंबाने सोडू लागली. घाई केली तर त्याच औषधाने हृदय बंद पडते, हे तिने मला मागाहून सांगितले. थोड्या वेळाने गाईच्या अंगावर थरथर आली, तिने ढेकर दिली, शेण टाकले, आणि अर्ध्या तासात ती आपल्या पायांवर उभी राहून वासराला चाटू लागली. शेतकऱ्याने भाचीकडे पाहून हात जोडले. तिने मान फिरविली आणि बादलीत हात धुऊ लागली.

तिसऱ्या दिवशी दुसरी एक गाय आली. तोंडातून लाळेच्या तारा, गिळता येत नाही, आवाज घोगरा. मालक म्हणाला, "ताई, घशात कणीस अडकलंय, हात घालून काढा." मी असतो तर खचित हात घातला असता. भाची दोन पावले मागे सरली आणि तिने विचारले, "दादा, महिना-दोन महिन्यांत वस्तीवर कुत्रं पिसाळलं होतं का?" पिसाळले होते. तिने गाय वेगळी बांधविली. लाळेत हात घातलेल्या घरच्या तिघांस त्याच दिवशी लस टोचून घेण्यास तालुक्याला पाठविले. चौथ्या दिवशी गाय गेली. माणसे राहिली. रोग्याने "मला अमुक होते" असे सांगितले असते, तर हे निदान सोपे होते. ते सांगणारा कोणी नव्हता, आणि जो सांगत होता तो चुकीचे सांगत होता. मुक्या रोग्याचा वैद्य होणे म्हणजे काय, ते मला त्या अंगणात कळले.

यात आणखी एक अडचण असते. तिची कल्पना शहरात बसून येत नाही. माणसाच्या डॉक्टरास 'या रोग्याची किंमत किती?' असे कोणी विचारीत नाही. पशुवैद्यास ते रोज विचारावे लागते. औषधाचा खर्च शेळीच्या किमतीवर गेला तर मालक शेळी विकून मोकळा होतो. म्हणून रोग, औषध आणि गरिबाची थैली या तिन्हींचा मेळ त्यास तेथेच, अंगणात उभ्या उभ्या घालावा लागतो. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही; हे शेवटच्या वर्षीच शिकावयाचे असते.

आणि येथेच माझी खरी तक्रार सुरू होते. हे शेवटचे वर्ष आम्ही या मुलांस नीट देतो काय? भाचीच्या महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु तिने मला सांगितले, की आंतरवासितेपूर्वीच्या साऱ्या अभ्यासात एका गाईभोवती पंधरा-पंधरा विद्यार्थी उभे राहत. एकाने हात घालावयाचा, बाकीच्यांनी वहीत लिहावयाचे. दवाखान्यात कुत्र्यामांजरांची रीघ, गाय-म्हैस आठवड्यातून एखादी. पोटातून गर्भ चाचपून ओळखण्याची विद्या ही बोटांची विद्या आहे; शेकडो वेळा हात घालावा तेव्हा ती येते. ती वहीत उतरून कशी येणार? गवयास तंबोरा न देता रागाची नावे पाठ करवून घ्यावी, त्यांतलाच हा प्रकार. कुत्र्यामांजरांच्या उपचारास माझा विरोध नाही. तोही जीवच आहे. पण २०१९ च्या पशुगणनेत ज्या देशात ५३ कोटींवर पशुधन मोजले गेले, त्या देशातील पशुवैद्याने पहिली अडलेली म्हैस पदवी घेतल्यावर पाहावी, हे त्या म्हशीचे, त्या मालकाचे आणि त्या तरुणाचेही दुर्दैव आहे.

आता तिसरा आक्षेप आपोआप निकालात निघतो. ही मुले स्पर्धापरीक्षांकडे वळतात, खरे आहे. पण साडेपाच वर्षे ज्यांस घरात, पंक्तीत, प्रवासात 'गुरांचा डॉक्टर' म्हणून कानकोंडे केले, ज्यांच्या हाताखाली पुरेसे जनावर दिले नाही, आणि ज्यांस विद्यावेतन वाढवून मिळावे म्हणून देशातील अनेक राज्यांत आंदोलने करावी लागली, त्यांनी दुसरी वाट धरली तर दोष कोणाचा? २०२२ साली लंपी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा हीच मुले लस घेऊन गावोगाव हिंडली. संकटात ती आठवतात. पंक्तीत आठवते ते त्यांचे हुकलेले मेडिकल.

राहिला मुलींचा प्रश्न. चौथ्या रात्री एक कालवड अडली. वासराचे डोके आणि एक पाय वाटेत, दुसरा पाय आत दुमडलेला. दोन धट्टेकट्टे गडी दोर लावून ओढीत होते, आणि प्रत्येक ओढीस कालवड हंबरडा फोडीत होती. भाचीने प्रथम त्यांस थांबविले. मग खांद्यापर्यंत हात घालून तिने वासरास पुढे ओढण्याऐवजी कळांच्या मधल्या विसाव्यात मागे ढकलले, दुमडलेल्या पायाचे खूर मुठीत झाकून घेतले, म्हणजे आतली पिशवी फाटू नये, आणि तो पाय हळूहळू सरळ केला. मग दोघांस सांगितले, "आता ओढा, पण कळ आली म्हणजेच." वासरू जिवंत निघाले. जे दोन गड्यांच्या बळाने होत नव्हते ते एका मुलीच्या ज्ञानाने झाले. शक्तीचा मुद्दा काढणाऱ्यांनी त्या रात्री गोठ्यात यावयास हवे होते.

कोणी म्हणेल, हे सारे शेतकऱ्याचे प्रश्न. आम्हां नोकरदारांस त्याचे काय? सकाळच्या चहात दूध कोठून येते, याचा त्यांनी विचार करावा. कासेच्या रोगावर दिलेले प्रतिजैविक किती दिवस दुधात उतरते आणि तितके दिवस ते दूध विकू नये, हे मालकास बजावणारा हाच वैद्य. तो कच्चा राहिला तर त्याचा कच्चेपणा आपल्या नातवंडांच्या पेल्यात येतो. गुरांस दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांची मढी खाणारी गिधाडे मेली, आणि २००६ साली ते औषध जनावरांकरिता बंद करावे लागले. गोठ्यातील सुईचा परिणाम आकाशापर्यंत जातो, हे तेव्हा देशाने पाहिले.

तेव्हा मागणे थोडे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातास शेवटच्या वर्षी पुरेशी जनावरे मिळावीत; त्यासाठी महाविद्यालयांनी गाई-म्हशींची वाट न पाहता गुरुजनांसह गावोगावच्या गोठ्यांत जावे. अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवू नयेत. माणसांच्या आणि जनावरांच्या आंतरवासी वैद्यांस सारख्या मुदतीच्या सेवेबद्दल सारखे विद्यावेतन असावे. यास कोणी पैशाचे कारण सांगेल, तर त्याने एका साथीत मेलेल्या गाईंची किंमत मांडून पाहावी.

एक मागणे मात्र सरकारकडे नाही, वाचकांकडे आहे, आणि त्यास पैही लागत नाही. पुढच्या पंक्तीत अशी एखादी मुलगी शेजारी बसली, तर तिचे काय हुकले ते विचारू नका. "आज कोणते जनावर पाहिलेस?" एवढे विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. त्या गृहस्थांनी तसे विचारले असते, तर त्या दिवशीची जिलबी आम्हां दोघांस गोड लागली असती.