काळी रेघ आणि बाईचा आळस

श्रावण आला की आमच्या बेटेगाव-बोईसरच्या बिल्डिंगांमध्ये एक शेरा हमखास ऐकू येतो. "बाथरूमच्या टाइल्स बघितल्यास? फटी नुसत्या काळ्या! आळशीच असणार बाई." म्हणजे टाइल्सच्या फटीत बुरशी धरली की घरातल्या बाईचा स्वभाव कळला! मैत्रिणींनो, मला हे मुळीच पटत नाही.

फटीत भरलेलं व्हाइट सिमेंट पाणी शोषून घेतं. वर साबणाचा थर आणि अंगाचं तेल. बुरशीचं खाणं-पिणं आयतंच झालं की! समुद्र जवळ, त्यामुळे पावसाळाभर हवा दमट. पूर्वी न्हाणी घराच्या मागे असायची, तिला ऊन-वारा लागायचा. आता बाथरूमला टीचभर झडप आणि तीही डक्टमध्ये उघडणारी. फ्लॅट घेताना आपण देवघराची दिशा चार वेळा विचारतो. बाथरूमची खिडकी कुठे उघडते, हे कोण विचारतं?

मग आपण घासत बसतो, तेही अ‍ॅसिडने. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं आणली, ती बायकांवरच्या हल्ल्यांमुळे. पण बचत गटाच्या कामाने घरोघरी जाते, तेव्हा संडासाच्या कोपऱ्यात ती बाटली अजून दिसते. अ‍ॅसिडने सिमेंटच झिजतं, फट खोल होते, पाणी आणखी मुरतं. त्यातून कोणी त्यावर ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू निघतो. एवढ्याशा बंद जागेत डोळे चुरचुरतात, छाती भरते, दम लागतो. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा अ‍ॅसिडच असतं, हेही ध्यानात असू द्या. आणि हे काम आपण सांगतो कुणाला? कामवालीला, तेही हातमोजे न देता. याचा मात्र मला राग येतो.

आधी खायच्या सोड्याची पेस्ट आणि जुना टूथब्रश घेऊन बघा. डाग हटला नाही तर एक वाटी ब्लीच, सोळा वाट्या पाणी. दार-खिडकी उघडी, हातात मोजे, दुसरं काहीही मिसळायचं नाही. दहा मिनिटांनी धुऊन टाका. सिमेंट भुगभुगीत झालं असेल तर खरवडून, फट पूर्ण वाळवून नवीन भरून घ्या. जमत असेल तर इपॉक्सी भरा. महाग पडतं, पण पाणी पीत नाही. एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा बुरशी येत असेल तर वरच्या मजल्याचं गळतंय का ते बघा. ते काम ब्रशचं नाही, सोसायटीच्या मीटिंगचं आहे.

खरा उपाय म्हणजे कोरडं ठेवणं. आंघोळ झाली की भिंतीवरून वायपर फिरवायचा, एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू ठेवायचा आणि ओले कपडे तिथे वाळत घालायचे नाहीत. वायपर दारामागे सगळ्यांच्या हाताला येईल असा टांगा. ज्याने आंघोळ केली, त्यानेच तो फिरवायचा. एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेल्या 'अहों'नीसुद्धा!