विमानाला रिव्हेट कोण मारणार?

दोस्तांनो, नागपुरात शेठ लोकांचं विमान बांधलं जाणार आहे. फाल्कन 2000. फ्रान्सच्या दसॉल्ट कंपनीचं. आठ-दहा माणसं पाय पसरून बसणार आणि एका दमात सात हजार किलोमीटर जाणार. जून 2025 मध्ये पॅरिसच्या विमानमेळ्यात दसॉल्ट आणि अनिल अंबानींच्या रिलायन्सनं हे जाहीर केलं. 1993 साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान तोवर फ्रान्सबाहेर कुठंच पुरं बांधलं गेलं नव्हतं. नागपूरचं पहिलं विमान 2028 पर्यंत उडवायचा बेत आहे.

आपल्यातलेच काहीजण म्हणतील, श्रीमंतांचं खेळणं ते, आपल्याला काय त्याचं? खेळणं कुणाचं ते कळलं. पण कारखाना कुणाच्या पैशानं उभा राहिला?

हिशोब मांडू. 2016 साली सरकारनं 36 राफेल घेतली, सुमारे 59 हजार कोटींना. पैसा साबणाच्या वडीवरसुद्धा कर भरणाऱ्यांचा. करारात अट होती की किमतीच्या निम्म्या रकमेइतकं काम भारतात द्यायचं. त्या अटीतलं काही काम करण्यासाठी 2017 साली दसॉल्ट-रिलायन्सची भागीदारी कंपनी निघाली आणि त्याच ऑक्टोबरात नागपूरच्या मिहानमध्ये कोनशिला बसली. मिहानची जमीन सरकारनं शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांकडून घेतलेली. मोबदल्यासाठी माणसं वर्षानुवर्षं भांडली. म्हंजे जमीन सरकारनं मिळवली, काम सरकारच्या खरेदीतनं आलं, आणि कारखाना खासगी. राखीव जागा? शून्य.

आता आधीचा बेत बघा. 126 राफेल घ्यायची होती, त्यातली 108 हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं इथं बांधायची होती. ही कंपनी 1940 साली वालचंद हिराचंदांनी बंगळूरला काढली. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे तेच वालचंद. पुढं सरकारनं ती ताब्यात घेतली, म्हणून तिथं राखीव जागा आल्या. नाशिकजवळ ओझरला तिचा विमानांचा कारखाना आहे, तिथंही तोच नियम. 2015 साली 126 चा बेत मोडला. राफेल फ्रान्सहून तयार होऊन आली आणि बदल्यातल्या कामाचा वाटा खासगी गेटातनं आत गेला. लढाऊ विमान वेगळं आणि शेठजींचं वेगळं, एवढं मलाही कळतं. पण आपल्यापुरता निकाल एकच. घटनेला हात न लावता, एकही कायदा न बदलता राखीव जागा मारली. सरकारी काम खासगी दारात नेऊन ठेवलं की झालं.

सातारकरांना ही रीत नवी नाही. साधारण 1901 साल. साताऱ्याहून भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे आगगाडीनं मसूरला उतरले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल. पोरं महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. गाडी पोरांनी हाकली आणि गाडीवान विटाळ नको म्हणून बाजूनं चालला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त बाबासाहेबांनी हे लिहून ठेवलंय. मसूरला दुप्पट पैसे मोजून निदान गाडीत बसता तरी आलं. मिहानला पैसे घेतले आणि गाडीच्या आसपाससुद्धा उभं करत नाहीत.

आणि कुणी म्हणालं की हे काम तुम्हाला झेपणार नाही, तर विमान कसं बांधतात ते त्याला सांगा. धड म्हंजे बरगड्यांवर चढवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि तो धरून ठेवणारे हजारो रिव्हेट. एकजण बाहेरून गन मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. आभाळात आत हवा कोंडलेली असते. दर उड्डाणाला धड जरासं फुगतं, उतरलं की बसतं. 1954 साली कॉमेट जातीची दोन विमानं हवेतच फुटली, कारण असाच ताण खाऊन खाऊन पत्रा थकला आणि भोकाच्या, खिडकीच्या कडेनं चिरला. म्हणून एकेक भोक मापात लागतं. ज्यांच्या आज्यांनी मोट अशी शिवली की थेंब गळला न्हाई, ज्यांनी दोर वळले, त्यांच्या नातवाच्या हाताला माप कळत नाही?

पाटण तालुक्यातल्या कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2017 ला नोंदणी, 2019 ला उडवायची परवानगी. तोवर सरकारी उंबरे झिजवले. त्या माणसाला सलाम. पण पायलटची नोकरी होती, गच्ची होती. आपल्या वस्तीत गच्ची नसते, पत्रा असतो. आपली गच्ची म्हंजे आय.टी.आय. नागपूरच्या सरकारी आय.टी.आय.त विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा कोर्स दसॉल्टच्याच मदतीनं निघालाय. तिथं वर्गात राखीव जागा आहे. कारखान्याच्या गेटवर नाही.

मी मॅट्रिक. गोदीत माल ओढतो. पेटीत काय आहे ते पेटीवरच्या शिक्क्यावरनं कळतं, तेही शिक्का वाचता आला तर. पिढ्यान्‌पिढ्या ओझं आपलं आणि आतला माल दुसऱ्याचा. फाल्कनचंही असंच होणार असेल, झाडू आपला, गेटवरची काठी आपली, ड्रॉइंग आणि गन दुसऱ्याची, तर आत्ताच बोललं पाहिजे.

सवलती घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के स्थानिक घ्यावेत असं राज्याचंच धोरण आहे. म्हंजे सवलत देताना अट घालता येते. मग जमीन देताना राखीव जागेची अट घालायला हात का थरथरतो? अनुसूचित जाती-जमातीचे, भटके-विमुक्त किती, कुठल्या कामावर, हा आकडा कारखान्यानं दरवर्षी गेटवर लावावा. ठेकेदाराच्या झाडूवाल्यांचा धरू नये, शॉपमधला आणि ड्रॉइंग ऑफिसातला सांगावा. आणि नागपूरसारखा कोर्स कऱ्हाडला, सांगलीला, मिरजेला निघावा.

शेठजींनी खुशाल उडावं. पण ज्या पत्र्याच्या भरवशावर ते उडणार, त्या पत्र्यावर आपला हात पडलाच पाहिजे, आणि त्या हाताला पूर्ण पगार. आकडा मागायला निघा, दोस्तांनो. 2028 लांब नाही.