त्यांना कुठे ऐकू येतंय!

हे वाक्य आपल्या घराघरांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर बोललं जातं. कुजबुजून नव्हे, चांगलं नेहमीच्या आवाजात. चवथीला सगळं घर जमलेलं असतं, सोप्यावर गप्पा रंगतात आणि कोपऱ्यातली आजी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत नुसती हसत बसते. काय चाललंय म्हणून तिने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "काही नाही गे, तू बस." माझ्या मते त्या क्षणी आपण तिला घरातून बाहेर काढलेलं असतं. आणि वर वर्षभराने आपणच म्हणतो, आजी अलीकडे विसरायला लागली हो!

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आता नुसतं अनुमान राहिलेलं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ६३९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला यातल्या कोणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. दहाबारा वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा ज्यांना थोडं कमी ऐकू येत होतं त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात सुमारे पाचपट निघाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. त्यात मध्यम वयातला बहिरेपणा सर्वांत वरच्या दोनांत आहे, वाईट कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने. कोलेस्टेरॉलसाठी आपण उपाशीपोटी रक्त द्यायला रांग लावतो. कान तपासायला कोण जातो?

उतारवयातला बहिरेपणा म्हणजे रेडिओचा आवाज कमी करणं नव्हे. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत आणि आधी जातात ते उंच पट्टीचे ध्वनी. म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. 'साठ' म्हटलं तर 'आठ' ऐकू येतं. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. म्हणून ओरडून फारसा उपयोग होत नाही. आकार-ओकार तेवढे मोठे होतात. मग मेंदू उरलेल्या तुकड्यांवरून शब्द जुळवत बसतो आणि लक्षात ठेवायला त्याच्याकडे शक्ती कमी उरते, असं एक स्पष्टीकरण आहे. दुसरं साधं आहे: माणूस बोलणंच सोडतो, एकटा पडतो.

त्यात आणखी एक घोळ. नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेऊन पेन्शनर येतात. काचेपलीकडच्या एका गृहस्थांना विचारलं एक, उत्तर आलं भलतंच. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबांचं डोकं गेलंय." मी कागदावर प्रश्न लिहून पुढे सरकवला. निवृत्तीची तारीख, खातं, बँकेची शाखा, सगळं न अडखळता सांगितलं त्यांनी! स्मृतीच्या चाचण्यासुद्धा बहुतेक तोंडीच असतात. प्रश्नच ऐकू आला नाही तर गुण कशाचे कापले, कानाचे की डोक्याचे?

आपण मात्र बहिरेपणाला हसतो. जत्रेतल्या नाटकात आंधळा आला की डोळ्याला पदर आणि बहिरा आला की हशा. चष्मा लावल्याने कोणी म्हातारं होत नाही, पण कानात यंत्र घातलं की 'लोक काय म्हणतील'.

सरकारचं गणितही पाहा (सरकारी नोकरीत आहे, म्हणून जरा जपून लिहितो). २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट असल्याशिवाय तुम्ही 'कमी ऐकू येणारे' ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना ३५ च्या वरच हात द्यायला सांगते. मधल्या पंचवीस डेसिबलांतली माणसं कोणाच्या रजिस्टरात? २०११ च्या जनगणनेत गोव्याचे ११.२ टक्के लोक साठीच्या वरचे होते, केरळच्या खालोखाल.

आता यंत्रविक्रेत्यांबद्दल. 'यंत्र लावा, अल्झायमर टाळा' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २०२३ साली ब्रिटनमधल्या माहितीवर आधारलेला, यंत्राची बाजू घेणारा एक गाजलेला निबंध त्याच वर्षी डिसेंबरात मागे घ्यावा लागला. आकडेवारी चुकीची नोंदली गेली होती. नीट केलेली चाचणी अमेरिकेतली, तीही २०२३ ची. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. एकूण गटात फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. ज्याला कोणी हमी म्हणून विकत असेल तो लबाड. पण एवढ्या आशेवर कान तपासून घेऊ नये, असं म्हणणाराही शहाणा नव्हे. स्मृतिभ्रंश टळो न टळो, नातवाचं बोलणं तरी कळेल ना?

फक्त त्या चाचणीत लोकांना नुसतं यंत्र दिलं नव्हतं. ऑडिओलॉजिस्ट त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून सवय करून देत होते. आपल्याकडे डबी हातात ठेवतात, पैसे मोजून घेतात, आणि महिनाभराने ते यंत्र कपाटात जुन्या चष्म्यांशेजारी जाऊन पडतं.