बटणाची बाजू आणि बत्तीस मिलिमीटर

शर्टाची डावी पट्टी उजवीवर येऊन बटणं लागत असतील तर तो पुरुषाचा, उजवी डावीवर येत असेल तर बाईचा. बेतण्यावरून उघडच वेगळं दिसत असेल तर गोष्ट निराळी. पण काहीच ठरवता येत नसेल, तर बाईचा धरून मोकळं व्हायचं. हा नियम यवतमाळच्या मेन लाइनमधल्या कुणा टेलरमास्तरचा नाही. तो भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकातला, बासष्टाव्या प्रकरणाच्या टिपांमधला आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कपड्याला या दरपत्रकात आठ आकडी क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकावर कर ठरतो. त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे. १९८८ पासून लागू असलेली ही पद्धत ब्रसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना सांभाळते.

कपडा हातात आला की पहिला प्रश्न विणीचा. होजिअरीसारखा सुईवर विणलेला असेल तर एकसष्टावं प्रकरण, मागावर विणलेल्या कापडाचा असेल तर बासष्टावं. मग बाईचा की पुरुषाचा. तान्ह्या बाळाचा असेल तर हा प्रश्नच मिटतो, पण बाळ कुणाला म्हणायचं तेही लिहून ठेवलंय: ज्याची उंची ८६ सेंटिमीटरच्या आत, त्याचे कपडे बाळाचे. त्यानंतर धागा. कापूस पंचावन्न टक्के आणि पॉलिस्टर पंचेचाळीस असेल तर तो सुती शर्ट, कारण वजनात जो भारी त्याच्या नावावर कपडा चढतो. दोन्ही निम्मे निम्मे निघाले, तर दरपत्रकात जो नंतर येतो त्याच्या खात्यात.

आता टी-शर्ट घ्या. कॉलर नाही, बटण नाही, तर तो टी-शर्ट. त्याच कापडाला कॉलर आणि दोन बटणं लावली की तो विणलेला शर्ट झाला, दरपत्रकातलं शीर्षक बदललं. त्यातही कमरेखाली खिसा असेल, किंवा खालच्या कडेला घट्ट रिबची पट्टी असेल, किंवा वीण विरळ असेल, तर तो शर्टही राहत नाही. विरळ म्हणजे किती? सेंटिमीटरला सरासरी दहा टाक्यांपेक्षा कमी, आडवे आणि उभे दोन्ही. आणि मोजायचे ते किमान दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर. न्हावाशेवा बंदरात कंटेनर अडला की कुणीतरी खरोखरच भिंग लावून टाके मोजतं. आणि ज्यावर आपल्या घरात सगळ्यात जास्त पैसा जातो, ती साडी या कपड्यांच्या प्रकरणांत नाहीच. साडी, धोतर, लुंगी शिवलेली नसते, म्हणून ती कापडाच्या प्रकरणांत. नऊवारी नेसलेली आजी दरपत्रकाच्या हिशेबी कापडाचा तागा गुंडाळून बसलेली असते.

इतक्या बारकाव्यामागे अर्थातच पैसा आहे. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये केंद्राने शेकडो कापड-कपड्यांवरचं आयात शुल्क दहावरून वीस टक्क्यांवर नेलं. वर समाजकल्याण अधिभार, म्हणजे बावीस, आणि त्यावर जीएसटी वेगळा. बऱ्याच क्रमांकांपुढे तर टक्क्यासोबत ‘किंवा नगामागे इतके रुपये, जे जास्त असेल ते’ अशी मेख मारलेली आहे. बिलात दोनशेचा शर्ट पन्नासला दाखवणाऱ्यासाठी ती मेख. एकूण, तयार कपड्याभोवतीची भिंत उंच आहे आणि तिची वीट न् वीट मोजून रचलेली आहे.

त्या भिंतीला एक दार आहे, बांगलादेशचं. दक्षिण आशियाई मुक्त व्यापाराच्या साफ्टा करारानुसार २०११ पासून तिथले कपडे आपल्याकडे जवळपास शुल्काविना येतात. अट अशी की मालाचं शीर्षक तिथे बदललं पाहिजे आणि किमान तीस टक्के मूल्य तिथे वाढलं पाहिजे. चीनचं कापड ढाक्यात आलं, शर्ट होऊन निघालं, की शीर्षक बदललंच. शिलाई, बटणं, मजुरी मिळून तीस टक्के गाठणं फार अवघड नसतं. २०२० पासून मूळ देशाचा पुरावा आयातदाराने जवळ ठेवायचा असा नियम झाला. मग १७ मे २०२५ ला सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद केले आणि फक्त कोलकाता व न्हावाशेवा ही दोन बंदरं उघडी ठेवली. म्हणजे दार चिंचोळं करता येतं. इच्छा हवी.

आता या सगळ्या कपड्यांच्या बुडाशी जो आहे, त्या कापसाकडे येऊ. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याच्यावर पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी उपकर आणि या दोहोंवर अधिभार मिळून अकरा टक्के बसले. कपड्याच्या निम्मे, पण होते. आणि इथेही वर्गीकरण होतंच: धाग्याच्या लांबीचं. २० फेब्रुवारी २०२४ पासून बत्तीस मिलिमीटरहून लांब धाग्याचा कापूस शुल्कमुक्त झाला. इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा असला कापूस आपल्याकडे फारसा पिकत नाही आणि भारी सुताला तो लागतो. त्यावर आपली तक्रार असायचं कारण नाही. पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, वणी इथं निघणारी बीटी वाणं साधारण अठ्ठावीस ते तीस मिलिमीटरची. बत्तीसच्या रेषेने इथल्या शेतकऱ्याला त्या सवलतीच्या झळीपासून सरळ बाजूला ठेवलं होतं.

१९ ऑगस्ट २०२५ ला ती रेष पुसली. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावायचं ठरवल्यावर सगळाच कापूस, आखूड, मध्यम, लांब, ३० सप्टेंबरपर्यंत शुल्कमुक्त झाला. दहा दिवसांत मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तारखा बघा. आपल्याकडे दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सीतादही करून पहिला वेचा सुरू होतो आणि डिसेंबर संपेतो बराचसा कापूस घरात किंवा बाजारात आलेला असतो. सवलतीची मुदत नेमकी त्याच्यावर येऊन बसली. हमीभाव त्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. पण तो भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर, ॲपवर नोंदणी करून, ओलावा बारा टक्क्यांच्या आत असेल तर. परतीच्या पावसात भिजलेली बोंडं वेचणाऱ्याला बारा टक्के म्हणजे काय ते ठाऊक आहे. ज्याच्याकडे थांबायची ऐपत नाही तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, आणि त्या काट्यावरचा भाव ठरवताना बंदरात काय उतरतंय हे व्यापारी बघतोच.

गिरण्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सूत महाग झालं तर निर्यातदार बुडतो, आणि तो बुडाला तर आपला कापूस घेणार कोण? लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचा कारखाना आहे. कापूस, सूत, कापड ही साखळी आपल्याच जिल्ह्यात दिसते. पण निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्काविना आणायची सोय ॲडव्हान्स ऑथोरायझेशनमध्ये आधीपासून आहे: इतका माल आणा, त्याचा इतका कपडा बाहेर पाठवा, हिशेब दाखवा. बाजारातून सूत विकत घेणाऱ्या छोट्या शिलाईवाल्याला ती कटकटीची पडते, हे खरं. मग ती सुधारायची. त्याऐवजी देशातल्या बाजारासाठी सूत काढणाऱ्यालाही सरसकट सूट मिळाली. अमेरिकेचा कर निर्यातीवर होता. आपली सवलत निर्यातीपुरती ठेवायला काय हरकत होती?

वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. १८७९ मध्ये लँकेशायरच्या दबावाखाली सरकारने परदेशी जाड्याभरड्या सुती मालावरचं शुल्क उठवलं. जाडंभरडं म्हणजे तीस नंबरपर्यंतचं सूत, अशी व्याख्या करून. १८९४ मध्ये परदेशी सुती मालावर पाच टक्के लागले, तर त्यासोबत देशी गिरण्यांच्या वीस नंबरच्या वरच्या सुतावरही तेवढाच कर आला. लँकेशायरला तेही पुरेना, तेव्हा १८९६ मध्ये देशी गिरणीच्या सगळ्याच कापडावर साडेतीन टक्के बसले. ज्या गिरण्या वऱ्हाडच्या आखूड धाग्याचं जाडं सूत काढत होत्या, त्यांच्या भरड्या कापडाला तोवर मिळालेली सूट गेली. तो कर जायला १९२६ उजाडावं लागलं. सुताचा कुठला नंबर आत धरायचा आणि कुठला बाहेर, यावर तेव्हा नागपूर-मुंबईच्या गिरण्यांचं भवितव्य ठरत होतं.

त्यामुळे माझी मागणी अगदी कारकुनी आहे. कापसाच्या आयात शुल्काला पुन्हा सूट द्यायची वेळ आली, तर अधिसूचनेत धाग्याची लांबी लिहा आणि ती बत्तीसच्या खाली आणू नका. ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने त्यातून वगळा. आणि गिरणीने आणलेल्या प्रत्येक गाठीपुढे निर्यातीचा हिशेब मागा. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी अधिवेशनात कर्जमाफीचा प्रश्न विचारावाच. त्याच्या जोडीला एवढा तीन ओळींचा प्रश्न वाणिज्य आणि अर्थ खात्याला लेखी टाकावा. उत्तरही लेखीच येतं, आणि ते पुढच्या अधिसूचनेच्या वेळी समोर धरता येतं.