भोंगे वाजले, रुग्णवाहिकेचे काय?

७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी ‘ऑपरेशन अभ्यास’ योजण्यात आले होते. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, धडधाकट स्वयंसेवक स्ट्रेचरवर निजले आणि त्यांना समारंभपूर्वक रुग्णवाहिकेत चढवण्यात आले. वाहिन्यांना दिवसभराची दृश्ये मिळाली. त्याच्या बरोबर पाच वर्षे आधी, ७ मे २०२० च्या पहाटे, विशाखापट्टणममधील व्यंकटापुरम येथे एका कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली, तेव्हा भोंगा मात्र वाजला नव्हता. राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीनेच तसे नोंदवले आहे. धावता धावता माणसे रस्त्यावर कोसळली, बारा जण दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. तारखांचा हा योगायोग सरावाची आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात आला असेल, असे मानण्यास काही आधार नाही.

दहशतवाद आणि सामूहिक संहाराची अस्त्रे हा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब कागद पुढे केले जातात. कागद खरोखरच चांगले आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींविषयी २००८ मध्ये, तर आण्विक-किरणोत्सारी आणीबाणी व रासायनिक दहशतवाद यांविषयी २००९ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या काही तुकड्या यासाठी खास प्रशिक्षित आहेत. ग्वाल्हेर आणि दिल्ली येथील संरक्षण संशोधन संस्थांचे या क्षेत्रातील काम दर्जेदार आहे. प्रश्न एवढाच, की घटनास्थळी पहिल्या वीस मिनिटांत यांपैकी कोण पोहोचते? पोहोचते ती १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. तिच्यात एक चालक असतो, एक आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी असतो, आणि त्यांच्या तोंडावर साधा मास्क असतो. विशेष तुकडी येईपर्यंत वाफ ज्यांच्या फुप्फुसांत जायची त्यांच्या गेलेली असते.

टोकियोचे उदाहरण जुने आहे. पण ते नीट वाचलेले मात्र दिसत नाही. २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले. सेंट ल्यूक रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले, त्यांतले बहुतेक स्वतःच्या पायांनी किंवा मिळेल त्या वाहनाने. विषाचे नाव पोलिसांकडून कळायला सुमारे तीन तास लागले. तोवर रुग्णांचे कपडे न उतरवताच त्यांना आत घेतले जात होते, आणि जागा अपुरी पडल्याने अनेकांना रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात झोपवले गेले, जिथे हवा खेळती नव्हती. कपड्यांत मुरलेले सारिन तिथे सावकाश उडत राहिले. नंतरच्या पाहणीत या रुग्णालयातील सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांनी स्वतःला लक्षणे जाणवल्याचे सांगितले. अग्निशमन दलाच्या १,३६४ कर्मचाऱ्यांपैकी १३५ जणांना त्रास झाला. वाचवणाराच रुग्ण होतो, आणि त्याला रुग्ण करणारी गोष्ट कधी कधी एक ओला कोट एवढीच असते.

सारिनबाबत भारताला एक विचित्र लाभ आहे, आणि त्याचा उपयोग कोणी करून घेत नाही. सारिन शरीरात जे विकर निकामी करते, तेच आपली सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके निकामी करतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, तोंडाला फेस, घाम, घुसमट, आणि त्यावर ॲट्रोपिन: हे चित्र ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला महानगरातल्या तज्ज्ञाइतकेच, किंबहुना अधिक, परिचित असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा हे ज्ञान कोणत्या किमतीला येते तेही दिसले. ते ज्ञान राष्ट्रीय सुरक्षेचे भांडवल आहे, असे कोणत्याही परिषदेत ऐकू येत नाही. परिषदांत परदेशी पोशाखांची चित्रे दाखवली जातात.

किरणोत्साराच्या बाबतीत अज्ञान अधिक गहिरे आहे आणि त्याला भीतीची जोड आहे. दिल्ली विद्यापीठात १९६८ च्या सुमारास आलेला कोबाल्ट-६० चा एक गॅमा सेल १९८५ नंतर वापराविना पडून होता. फेब्रुवारी २०१० मध्ये तो भंगार म्हणून लिलावात विकला गेला आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडला गेला. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे. म्हणजे बेचाळीस वर्षांत आठ अर्धायुष्ये उलटली होती आणि मूळ सक्रियतेचा केवळ अडीचशेवा हिस्सा उरला होता. तेवढ्यानेही एका कामगाराचा जीव घेतला आणि आणखी काही जणांना रुग्णालयात धाडले. अणुऊर्जा नियामक मंडळाला या प्रकाराची खबर ७ एप्रिलला मिळाली, तीही एका रुग्णालयाकडून. कातडी काळवंडलेला, केस गळणारा माणूस समोर आला असता ‘हा किरणोत्सार तर नव्हे?’ अशी शंका एका डॉक्टरला आली, म्हणून गोष्ट उघड झाली. यंत्रणेने नव्हे, शंकेने प्राण वाचवले. ही शंका कशी घ्यायची, हे रुग्णवाहिकेतील किती कर्मचाऱ्यांना शिकवले जाते?

त्यांना भौतिकशास्त्रातील एक साधी गोष्ट तरी शिकवायला हवी. गॅमा किरणांनी भाजलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याला स्पर्श करण्यात धोका नाही. ज्याच्या अंगावर किरणोत्सारी धूळ आहे, त्याचे बाहेरचे कपडे उतरवले की बहुतांश दूषण तिथेच उतरते. रक्तस्राव मात्र त्यासाठी थांबत नाही, म्हणून जीव आधी आणि मोजणी नंतर. हे ठाऊक नसलेला कर्मचारी एक तर अकारण पळेल, नाहीतर अकारण स्वतःला दूषित करून घेईल. आणि गर्दीचे गणितही त्याला ठाऊक हवे. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे सीझियम-१३७ पसरले, तेव्हा सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली; प्रत्यक्षात दूषित निघाले २४९. एकामागे साडेचारशे घाबरलेले. त्यांना थोपवणारे कोणी नसेल, तर खरा रुग्ण रांगेतच मरेल.

यावर ठरलेला आक्षेप येतो: जिथे बाळंतिणीला वेळेवर रुग्णवाहिका मिळत नाही, तिथे सारिनची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण चुकीच्या दाराशी उभा आहे. लक्षणांवरून विष ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहून गाडी उभी करणे, कपडे उतरवून पाण्याने धुणे, ॲट्रोपिनचा पुरेसा साठा बाळगणे, दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राला दूरध्वनी करणे, यांतले काहीही केवळ युद्धासाठी राखीव नाही. क्लोरीनची टाकी गळते तेव्हा हेच लागते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हेच लागले होते. तिथल्या डॉक्टरांना वायूचे नाव आणि त्यावरचा उतारा सांगायला कोणी पुढे आले नाही. चैन असेल तर ती कोट्यवधींच्या विशेष वाहनांची, ज्यांच्या फिती कापल्या जातात. खिशाला लावायचा डोसिमीटर आणि दरवर्षी दोन दिवसांचे प्रशिक्षण यांच्या फिती कापता येत नाहीत, हीच त्यांची अडचण असावी.

पुढचा सराव होईल तेव्हा एक प्रयोग करून पाहावा. स्ट्रेचरवरच्या स्वयंसेवकाच्या सदऱ्यावर, कोणालाही न सांगता, अतिनील प्रकाशात चमकणारी निरुपद्रवी पूड टाकावी. संध्याकाळी दिवे मालवलेलेच असतील. त्या अंधारात अतिनील दिवा घेऊन रुग्णवाहिकेची मूठ, अपघात विभागाचे दार, परिचारिकेचे हात आणि चालकाचा जेवणाचा डबा तपासावा. जे चमकेल त्याची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी त्याच वाहिन्यांना द्यावीत.