आजाराच्या आधी येणारा डॉक्टर
(द्वितीय वर्ष, कला)

डॉक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टेबलामागे बसलेला, गळ्यात स्टेथॉस्कोप अडकवलेला माणूस येतो. आपण आजारी पडायचे आणि त्याने गोळ्या लिहून द्यायच्या, असा हा व्यवहार जणू ठरूनच गेला आहे. परंतु धडधाकट माणसांसाठीच नेमलेला असाही एक डॉक्टर असतो आणि तो लष्करात असतो, हे मला आमच्या शेजारच्या एका निवृत्त फौजीकाकांकडून कळले.

लष्करात रोगप्रतिबंधाचे काम स्वतंत्रपणे चालते. मोठ्या छावण्यांत त्यासाठी ‘स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन’ नावाचे पथक असते. शिकाऊ डॉक्टरला या कामावर घातले की त्याच्या आठवड्यात रोगी कमी आणि इतर गोष्टीच जास्त येतात. काकांनी जे पाहिले ते असे : आज लंगर, म्हणजे जवानांचे स्वयंपाकघर. तेथे माश्या किती, भांडी कशी, स्वयंपाक्याची नखे वाढली आहेत का, हे पाहायचे. उद्या पाण्याच्या टाक्या. परवा संडास आणि कचऱ्याचे खड्डे. मग बराकींच्या मागची डबकी आणि लसी टोचल्याच्या नोंदी. डॉक्टर होण्यासाठी इतकी वर्षे घासून शेवटी संडास तपासायचे, असे कुणाला वाटेल. पण काकांच्या मते स्वयंपाकी जेवढा या डॉक्टरला वचकून असे तेवढा साहेबालाही नसे!

लष्कराला हे शहाणपण सहजासहजी आलेले नाही. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिक शत्रूच्या हातून मेले त्याहून कितीतरी अधिक रोगराईने मेले. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधणारा रोनाल्ड रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसचाच अधिकारी होता, आणि तो शोध १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत लागला. एवढेच कशाला, विहिरीत किती ब्लीचिंग पावडर टाकायची हे ठरवण्यासाठी आपल्याकडच्या डॉक्टरांना जे हॉरॉक्सचे उपकरण शिकवतात, तेही विल्यम हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरचेच. त्यात सहा पांढरे पेले असतात आणि एक काळा. पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घ्यायचे, काळ्यात पावडरीचे द्रावण करायचे आणि ते पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे टाकत जायचे. अर्ध्या तासाने दुसरे एक औषध घालायचे. ज्या पेल्यापासून पाणी निळे दिसू लागते त्या पेल्याच्या आकड्याची दुप्पट, तितके ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. तिसरा पेला निळा झाला तर ६ ग्रॅम. इतके सोपे! आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही जमेल.

वास्तविक हे ज्ञान डहाणू आणि तलासरीइतके कुठे उपयोगी पडेल? मे महिन्यात ओहोळात डवरा खणून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बाया आणि जुलैत गढूळ झालेल्या विहिरी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शिकाऊ डॉक्टर आपल्याकडेही येतात. सध्याच्या नियमानुसार इंटर्नशिपच्या वर्षात सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी १२ आठवडे दिलेले आहेत. पण मी पाहिलेल्या एका केंद्रात त्यांचा आठवडा ओपीडीच्या खोलीतच सुरू होई आणि तेथेच संपे. बाहेर रांग, आत खोकला आणि ताप, आणि शनिवारी डहाणू रोडहून मुंबईची गाडी. पाड्यावर जाणाऱ्या आशाताई आणि नर्सबाई, डॉक्टर नाही. त्या पोरांना मी फारसा दोष देत नाही. सोमवारची रांग पाहिली की कुणालाही वाटेल की बाहेर फिरायला वेळ कुठला? परंतु ही रांग विहिरीपाशीच सुरू होते, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते.

येथे कुणी म्हणेल की लष्करात हुकूम चालतो, पाड्यावर कोण ऐकणार? हा आक्षेप खोटा नाही. सूर्य मावळला की बाह्या खाली कर, असे जवानाला सांगितले की तो करतो. आमच्याकडे मच्छरदाणीने मासे धरलेले मी पाहिले आहेत! पण हुकमाने आरोग्य येते असे मानणाऱ्यांनी आणीबाणीतील, म्हणजे १९७५ ते १९७७ मधील, सक्तीची नसबंदी आठवावी. त्या धास्तीने माणसे सरकारी दवाखान्यापासून दूर पळत होती. आणि मला विचाराल तर मासे धरणाऱ्यालाही अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही. घरात कालवण नसले की डासाचा विचार दुसरा येतो. हे डॉक्टरला तेव्हाच कळेल जेव्हा तो त्या कुडाच्या घरात जाऊन बसेल. लष्कराकडून घ्यायचा तो हुकूम नव्हे, वेळापत्रक घ्यावे. रोगी असो वा नसो, आठवड्यातले दोन दिवस पाणी, डबकी आणि आश्रमशाळेचे स्वयंपाकघर यांच्यासाठी राखलेलेच असावेत.

राहिला भाषेचा प्रश्न. पुण्या-मुंबईहून आलेल्या डॉक्टरला आमची वारली बोली समजत नाही आणि आमच्या आजीला त्याची पुस्तकी मराठी समजत नाही. मग दोघेही मान हलवतात आणि केसपेपरवर काहीतरी लिहिले जाते. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली आहेत. दरवर्षी सात दिवसांच्या शिबिरात आम्ही चर खणतो, गाणी म्हणतो, समारोपाला भाषणे ऐकतो. त्याऐवजी दोन-दोन विद्यार्थी एका शिकाऊ डॉक्टरबरोबर ठरल्या दिवशी पाड्यावर का जाऊ नयेत? बोली आमची, विद्या त्याची. हे काम जून ते ऑक्टोबर या महिन्यांत व्हावे, कारण दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर निघून जातो आणि मग घराघरांत म्हातारी माणसे तेवढी उरतात.