परदेशी पदवी आणि गडचिरोलीचा रुग्ण

‘नीट’चा निकाल लागला की परदेशातील वैद्यकीय प्रवेशाच्या जाहिरातींना बहर येतो. पुण्या-मुंबईपुरता असलेला हा व्यवहार आता विदर्भातील लहान शहरांपर्यंत पोहोचला आहे. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया ही नावे पालकांच्या तोंडी रुळली आहेत. फी किती, वसतिगृह कसे, भारतीय जेवण मिळते का, याची चौकशी बारकाईने होते. तेथे शिकून आलेला मुलगा वा मुलगी रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहिली तर तिला काय येत असेल, हा प्रश्न मात्र सहसा शेवटी विचारला जातो, अनेकदा विचारलाच जात नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांच्या दृष्टीने तर तोच पहिला प्रश्न आहे.

परदेशाकडे ओढा का वाढला, याचे उत्तर अंकगणितात आहे. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली आणि सुमारे १३ लाख पात्र ठरले. त्या वर्षी एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या, त्यातील शासकीय जागा निम्म्याच्या आसपास. खासगी महाविद्यालयाचा साडेचार वर्षांचा खर्च अनेक ठिकाणी अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. मध्य आशियातील वा रशियातील संपूर्ण अभ्यासक्रम साधारणपणे पंचवीस ते चाळीस लाखांत पुरा होतो, असे गणित मांडले जाते. २०१८ पासून परदेशी जाण्यासाठीही ‘नीट’ची पात्रता सक्तीची झाली, परंतु पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांतील अंतर लाखोंचे आहे. त्या अंतरातच हा व्यवसाय उभा आहे. शेती विकून वा कर्ज काढून मुलाला पाठवणारा पालक गुणवत्तेची निवड करत नसतो. उरलेला एकमेव दरवाजा तो ठोठावत असतो.

या पदव्यांचे मोजमाप करणारी देशपातळीवरील कसोटी म्हणजे २००२ मध्ये सुरू झालेली चाळणी परीक्षा. तीनशेपैकी दीडशे गुण मिळवल्याशिवाय परदेशी पदवीधराला येथे व्यवसाय करता येत नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवीधारकांनाच तेवढी सूट आहे. २०१५ ते २०१८ या काळात ६१,७०८ परीक्षार्थींपैकी ८,७६४ उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरात जेमतेम चौदा. त्यानंतर प्रमाण काहीसे सुधारले. जून २०२४ च्या परीक्षेत पाचांपैकी एक उत्तीर्ण झाला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रमाण आणखी वाढले, तरी एक-तृतीयांशाच्या आतच राहिले.

या आकड्यांवरून परदेशातील सारेच शिक्षण टाकाऊ ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. एकच उमेदवार अनेकदा परीक्षेला बसतो, त्यामुळे एका सत्राचे प्रमाण म्हणजे अखेरीस डॉक्टर होणाऱ्यांचे प्रमाण नव्हे. देशादेशांतील फरकही मोठा आहे. त्याच चार वर्षांत बांगलादेशातून आलेल्यांचे यश चीन वा रशियातून आलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. बांगलादेशातील अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि मुख्य म्हणजे रोग भारतासारखेच आहेत, हे त्याचे एक सरळ कारण दिसते. शिवाय ही परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. विद्यार्थ्याने किती वाचले ते ती सांगते. त्याच्या हाताला काय येते ते सांगत नाही.

गडचिरोलीत नेमके हाताचेच काम पडते. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश जंगलाने व्यापलेला आहे. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत त्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि त्यातही मेंदूपर्यंत जाणारा, जीवघेणा प्रकार येथे आढळतो. सर्पदंश, सिकलसेल, कुपोषण, घरीच अडलेली बाळंतपणे हे येथील दवाखान्याचे नित्याचे काम. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रुग्णाला पुढे पाठवण्याची सोय त्या दिवशी नसते. आता दुसरी बाजू पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने कझाकस्तानला २०१२ मध्ये, किर्गिझस्तानला २०१६ मध्ये, उझबेकिस्तानला २०१८ मध्ये आणि चीनला २०२१ मध्ये हिवतापमुक्त जाहीर केले. ही त्या देशांच्या आरोग्ययंत्रणेची मोठी कमाई आहे. परंतु तेथे पाच-सहा वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याने हिवतापाने बेशुद्ध झालेले मूल प्रत्यक्ष पाहिलेले असण्याची शक्यता त्यामुळेच फार कमी.

भाषेचा अडसर त्याहून सूक्ष्म आहे. वर्गात व्याख्यान इंग्रजीत होते, रुग्ण मात्र रशियन, किर्गिझ वा चिनी बोलतो. रोग्याची हकीकत ऐकून, नेमके प्रश्न विचारून निदानाकडे जाणे हा वैद्यकाचा पाया. तो दुभाष्याच्या मदतीने घातला जात नाही. अनेक विद्यार्थी या काळात खाटेपासून चार पावले दूरच उभे राहतात. गडचिरोलीत परतल्यावर भाषेची परीक्षा पुन्हा असतेच, कारण येथील रुग्ण माडिया वा गोंडी, सिरोंचा भागात तेलुगू, तर चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात बंगालीही बोलतो. ज्याने रुग्णाशी बोलण्याचा सराव एका भाषेत केला आहे त्याला तो दुसऱ्या भाषेत नेता येतो. ज्याने कोणत्याच भाषेत केला नाही, त्याची अडचण वेगळी असते.

परदेशी शिक्षणाचे या जिल्ह्याला लाभलेले सर्वोत्तम फळही येथेच पाहायला मिळते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आणले. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतल्याने अर्भकमृत्यू किती घटतात, हे १९९९ मध्ये दाखवून दिले. पुढे २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. मोजण्याची, पुरावा मांडण्याची शिस्त त्यांना परदेशातून मिळाली. परंतु रुग्ण तपासण्याचे शिक्षण दोघांनीही आधीच नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुरे केले होते. तेथूनच शिकलेले डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून हेमलकसात राहिले, माडिया शिकले आणि अपुऱ्या साधनांत रुग्णांवर उपचार करत राहिले.

भक्कम पायावर चढवलेला मजला आणि पायाच्या जागी ठेवलेला मजला यांतला हा फरक आहे. बंग दाम्पत्याचे परदेशी शिक्षण पहिल्या प्रकारचे होते. आज बारावीनंतर थेट परदेशी जाणाऱ्याचा पायाच तेथे घातला जातो, म्हणून तो किती खोल आहे हे पाहणे अटळ ठरते.

नियामकांनी हे उशिरा का होईना ओळखले. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि पदवीधराला त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता वेगळीच. करोनाच्या साथीत २०२० पासून चीनमधील आणि युद्धामुळे २०२२ पासून युक्रेनमधील हजारो भारतीय विद्यार्थ्यांना पडद्यावरच शिकावे लागले, तेव्हा या अटींचे महत्त्व कळले. शरीरविच्छेदन आणि प्रसूती पडद्यावर शिकता येत नाहीत.

पालकांनीही काही प्रश्न आधी विचारायला हवेत. तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात जातो? एका खाटेभोवती किती विद्यार्थी असतात? रुग्णाची भाषा शिकवली जाते का? त्या संस्थेतून आलेल्यांचे चाळणी परीक्षेतील यश किती? जागतिक निर्देशिकेत नाव असणे म्हणजे मान्यता नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. संस्थानिहाय निकाल दर सत्रानंतर सोप्या रूपात, मराठीसह भारतीय भाषांत जाहीर झाले, तर दलालांच्या रंगीत पुस्तिकांचा प्रभाव आपोआप ओसरेल.

मात्र हेच प्रश्न घरच्या महाविद्यालयांनाही विचारायला हवेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन राज्यातील अन्य नऊ महाविद्यालयांबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. रोग आणि रुग्ण यांची येथे वाण नाही. शिकवणारे अनुभवी अध्यापक अशा आडवळणाच्या जिल्ह्यात टिकवणे हीच खरी अडचण आहे. अध्यापकाविना रुग्णालय म्हणजे केवळ गर्दी, आणि रुग्णाविना महाविद्यालय म्हणजे केवळ इमारत. चाळणी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परदेशी पदवीधरांची भारतातील आंतरवासिता या दोन जिल्ह्यांच्या रुग्णालयांत, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली गांभीर्याने करून घेतली, तर त्यांच्या शिक्षणातील उणीव भरून निघेल आणि रिक्त पदांनी बेजार झालेल्या आरोग्यसेवेला हातही मिळतील. ती केवळ सही-शिक्क्याची औपचारिकता ठरली, तर अपुऱ्या शिक्षणाची किंमत पदवीधराऐवजी एटापल्लीचा वा भामरागडचा रुग्ण मोजेल. डॉक्टर कोठे शिकला, हे विचारण्याची संधीही त्याला मिळणार नाही.